पाठीचं औषध पायांत

सप्टेंबर १८९५. अमेरिकेतील डेव्हनपोर्ट शहरात १८ तारखेला डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका माणसाच्या मणक्यावर हाताने दाब दिला आणि मणक्यांच्या सांध्यांवरील ‘कायरोप्रॅक्टिक’ उपचारांची सुरुवात झाली. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, ११ सप्टेंबरला, पेण तालुक्यातील गागोदे गावात विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा, जन्मले. त्यांनी कोणतीही उपचारपद्धती काढली नाही. पण शरीर हलतं ठेवण्याची त्यांची रीत पाठदुखीच्या रुग्णांनी समजून घ्यावी अशी आहे.

लहानपणी कुटुंब बडोद्याला गेलं. तिथे मित्रांबरोबर मैलोन्‌मैल भटकणं हा विनोबांचा छंद होता. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात आले. पुढच्या वर्षी अभ्यास आणि प्रकृतीसाठी त्यांनी वर्षभराची रजा घेतली. वाईला संस्कृत शिकले, सूर्यनमस्कार घातले आणि महाराष्ट्रात शेकडो किलोमीटर पायी हिंडले.

१९३८ मध्ये त्यांची प्रकृती फारच ढासळली. विश्रांतीसाठी ते पवनारला गेले आणि तिथे त्यांनी चक्क कुदळ हाती घेतली. सुरुवातीला थोडाच वेळ खणायचं, मग रोज जरा वाढवायचं. काही महिन्यांत अंग भरलं, ताकद आली.

१९५१ मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी, त्यांची भूदान पदयात्रा सुरू झाली. पोटात अल्सर असतानाही सुमारे १३ वर्षं ते देशभर चालत राहिले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचं निधन झालं.

कंबरदुखीत हाताने केलेल्या मणक्याच्या उपचारांनी काहींना आराम पडतो. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशा उपचारांबरोबर व्यायामाचीही शिफारस केली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. बऱ्या झालेल्या कंबरदुखीने पुन्हा डोकं वर काढायला, टप्प्याटप्प्याने चालणं वाढवलेल्या गटात साधारण २०८ दिवस लागले, इतरांत ११२.

पेणच्या गणपती कारखान्यांत तासन्‌तास वाकून रंगकाम करणाऱ्यांनी, रोह्याजवळ धाटावच्या कंपन्यांत पाळीभर उभं राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर नको. सोसेल तेवढं, पण रोज, आणि हळूहळू वाढवत चालावं. पाय बधिर झाले, त्यांतली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र मणका कोणाकडूनही दाबून न घेता तातडीने रुग्णालय गाठावं.