परतीची फेरी

१९९९ सालचा पावसाळा. मी तेव्हा पन्हाळ्याकडच्या एका ग्रामीण शाखेत होतो. बँकेने कर्ज दिलेल्या एका छोट्या पिकअपची पाहणी करायची होती आणि परतताना त्याच गाडीत बसायची वेळ आली. वाटेत चढावर चिखल लागला. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, इंजिन बोंबलतेय आणि मागची चाके जागच्या जागी गरगरताहेत. शेवटी त्याने अदबीने सुचवले, की साहेबांनी जरा मागे हौद्यात जाऊन बसावे. शेजारच्या रानातली दोन पोरेही चढली. आम्ही तिघे मागच्या चाकांच्या वर बसलो आणि गाडी मुकाट चढ चढली. इंजिन तेच, ड्रायव्हर तोच. वजन कुठे बसले, एवढाच फरक.

निवृत्तीनंतर मोटारींच्या शर्यतींविषयी वाचण्याचा नाद लागला, तेव्हा त्या हौद्याची फार आठवण आली. मी त्या दिवशी नाइलाजाने जे केले, तेच अमेरिकेतल्या एका माणसाने १९५४ साली मुद्दाम केले आणि एका शर्यतीचे रूपच पालटले. त्याचे नाव मिकी थॉम्पसन.

मूळ नाव मॅरियन ली थॉम्पसन. जन्म ७ डिसेंबर १९२८ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्हॅम्ब्रा गावचा. नोकरी लॉस एंजेलिस टाइम्सच्या छापखान्यात आणि उरलेला सगळा वेळ गाड्यांचा. त्याला वेड होते ड्रॅग रेसचे. ही सरळ रस्त्यावरची पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची शर्यत. वळण नाही, वळसा नाही. इशारा झाला की सुटायचे. अर्धा निकाल सुटतानाच लागतो. इंजिनात ताकद कितीही असो, ती जमिनीला लागते टायरच्या तळाच्या वीतभर जागेतून. तिथे भार नसेल तर टायर नुसता धूर काढतो. थॉम्पसनने ड्रायव्हरची बैठक उचलून मागच्या एक्सलच्याही मागे नेली. बेचकीत दगड बसतो तसा माणूस बसू लागला, म्हणून अशा गाड्यांना स्लिंगशॉट, म्हणजे बेचकी, हेच नाव पडले.

छोटी पिकअप घेऊन या शर्यतीत उतरणारे हौशी लोक आजही हाच धडा गिरवतात. नाकात इंजिन आणि मागे रिकामा हौदा, म्हणजे पिकअप या खेळाला तशी नालायकच. मग ते पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सैल ठेवतात. सुटताना नाक सहज उचलते आणि भार मागे झुकतो. फार सैल ठेवले तर उचललेले नाक धपकन आपटते आणि भार पुन्हा पुढे पळतो. बॅटरी पुढून काढून हौद्यात, शक्यतो उजव्या बाजूला बसवतात, कारण इंजिनाचा पीळ शाफ्टमधून मागे येतो तो उजवे चाक उचलू पाहतो. जोर आला की मागचे पाटे मुरडतात आणि चाके उसळ्या मारतात. ते थांबवायला पाट्यांखाली पोलादी पट्ट्या लावतात. एका वेळी एकच बदल, मग एक फेरी, मग वहीत नोंद. हा शेवटचा भाग वाचून माझ्यातला बँकवाला सुखावला.

पण प्रत्येक जमेच्या समोर एक नावे असते. १९५५ साली विल्मिंग्टन येथे लायन्स क्लबांच्या पुढाकाराने, रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या पोरांसाठी एक पट्टी बांधली गेली. थॉम्पसन तिचा पहिला व्यवस्थापक. त्याच पट्टीवर ८ मार्च १९७० रोजी डॉन गार्लिट्स या नामवंत ड्रायव्हरच्या स्लिंगशॉटचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटला. इंजिनामागे बसणाऱ्याच्या वाट्याला भार येतो तसे पुढचे तुकडेही येतात. गार्लिट्सने १९७१ साली इंजिन मागे आणि माणूस पुढे अशी गाडी आणली आणि बेचकीचे युग सरले.

थॉम्पसन तोवर फार पुढे गेला होता. ९ सप्टेंबर १९६० रोजी युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, चार पाँटिअ‍ॅक इंजिने जोडलेली चॅलेंजर वन त्याने ताशी ४०६.६० मैलांनी, म्हणजे सुमारे ६५४ किलोमीटरनी पळवली. ताशी ४०० मैल ओलांडणारा तो पहिला अमेरिकन. मात्र नियम असा, की तासाभरात उलट दिशेने परतायचे. दोन्ही फेऱ्यांची सरासरी तो विक्रम. परतीच्या फेरीत गाडी बिघडली आणि विक्रम वहीत चढला नाही. आम्हा बँकेतल्या लोकांना हा नियम समजावावा लागत नाही. समोरची नोंद पडल्याशिवाय आमचाही दिवस बंद होत नसे.

त्याच्या वहीत काळी पानेही आहेत. ३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिसच्या शर्यतीत त्याने बांधलेल्या गाडीत बसलेला डेव्ह मॅकडोनाल्ड आणि त्या गाडीवर येऊन आदळलेला एडी सॅक्स, दोघेही आगीत गेले. त्याने कष्टाने जुळवलेली दुसरी गाडी चॅलेंजर टू. १९६८ साली पावसाने मिठाचे मैदान भिजले, फोर्ड कंपनीने पाठिंबा काढून घेतला आणि गाडी झाकून ठेवावी लागली. पुढे १९७३ साली त्याने वाळवंटी शर्यतींची स्कोअर ही संस्था काढली आणि छोट्या पिकअपच्या शर्यती चक्क शहरातल्या स्टेडियममध्ये आणल्या. १६ मार्च १९८८ च्या सकाळी ब्रॅडबरी येथे राहत्या घरासमोर त्याची आणि पत्नी ट्रुडीची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच्या एका माजी भागीदाराला त्याबद्दल दोषी ठरवायला २००७ साल उजाडले.

मुलगा डॅनी याने झाकलेली चॅलेंजर टू बाहेर काढली. इंजिने बदलली, सांगाडा वडिलांचाच ठेवला. ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी, साठी उलटलेला डॅनी त्याच मिठावर उतरला. दोन फेऱ्यांची सरासरी ताशी ४४८.७५७ मैल. या वेळी दुसरी फेरीही पुरी झाली.

१९६० ची फेरी मात्र विक्रमांच्या वहीत आजही नाही आणि मुलाच्या विक्रमाने ती तिथे येतही नाही. ताळा इतका सोपा नसतो. पण त्या दोन फेऱ्या पळवताना डॅनी वडिलांनी आखलेल्या जागेत बसला होता, हे मला पुरेसे वाटते. माझ्या शाखेतला तो ड्रायव्हर कर्ज वेळेवर फेडून मोकळा झाला. त्याच्या हौद्यात मी किती उपयोगाचा ठरलो, हे मात्र कोणत्याही खातेवहीत नोंदलेले नाही.