ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ होत्या. माँटेसरी पद्धतीतील शैक्षणिक साधने भारतीय, विशेषतः ग्रामीण व आदिवासी, बालकांना कितपत उपयोगी पडतात हे प्रत्यक्ष बालवाडीत पारखून त्यांना स्थानिक पर्याय देणे हे त्यांचे महत्त्वाचे कार्य होय.

पूर्वायुष्य

ताराबाईंचा जन्म मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांच्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडकांशी झालेला विवाह १९२१ मध्ये संपुष्टात आला. त्यानंतर राजकोट येथे अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य असताना गिजुभाई बधेका यांच्या कार्याने त्या प्रभावित झाल्या. ती नोकरी सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

साधनांचा प्रश्न

माँटेसरी साधने नेमक्या मापांची असतात. दट्ट्यांच्या पेटीत एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, की शेवटी एखादा उरतो किंवा बसत नाही. चूक मुलाला स्वतःच दिसते, शिक्षिकेने सांगावी लागत नाही. या गुणामुळे साधने मोलाची ठरतात, परंतु ती महागही असतात. शहरी शाळांना ती परवडली, तरी खेड्यातील बालवाडीला परवडणे अशक्य होते.

१९४५ मध्ये बोर्डी (तेव्हाचा ठाणे जिल्हा) येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करताना हाच पेच ताराबाईंपुढे होता. तेथे शिंपले, गोटे, बिया, पाने अशा वस्तू साधने म्हणून वापरात आल्या. आकार, रंग, स्पर्श व संख्या यांची ओळख त्यांतूनही होत असे. अर्थात शिंपल्यांचा ढीग मुलाची चूक आपोआप दाखवीत नाही. त्यामुळे शिक्षिकेच्या निरीक्षणाचे महत्त्व वाढले. पैशाची बचत झाली, पण शिक्षिकेचे काम हलके झाले नाही, ही बाब या प्रयोगाच्या वर्णनात पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

अंगणवाडी व कुरणशाळा

वस्तीतील मुले केंद्रात येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातून निघाली. १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे हलविण्यात आले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यास जात, म्हणून कुरणावरच शाळा भरू लागली. या सर्व कामात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणारा 'विकासवाडी' प्रकल्पही कोसबाडचाच.

गौरव व वारसा

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी सांभाळले.