हृदय पुन्हा सुरू झाले, पण मेंदूचे काय?

जळगाव किंवा धुळ्याच्या रुग्णालयात हृदय बंद पडलेला रुग्ण येतो. छातीवर दाब आणि विजेचा झटका देऊन ठोके परत येतात. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांच्या जिवात जीव येतो, पण रुग्ण डोळे उघडत नाही. मेंदू किती शाबूत आहे, हे तपासताना डॉक्टर ईईजीचाही, म्हणजे मेंदूतील विजेच्या आलेखाचाही, आधार घेतात. या तपासणीचे मूळ दीडशे वर्षांपूर्वीच्या प्राण्यांवरील प्रयोगांत आहे. ते करणारे डॉक्टर होते रिचर्ड कॅटन.

कॅटन यांचा जन्म १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते लिव्हरपूलला स्थायिक झाले. स्नायू आणि नसांमध्ये सूक्ष्म वीज असते, हे तेव्हा माहीत होते. मग मेंदूतही ती असेल का, हा प्रश्न त्यांना पडला. समुद्राखालून जाणाऱ्या तारेचे संदेश टिपण्यासाठी बनवलेले आरशाचे गॅल्व्हॅनोमीटर त्यांनी हाती घेतले. ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवले, की आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका पट्टीवर हलू लागे. प्राण्याच्या डोळ्यावर उजेड पाडला, की मेंदूच्या ठरावीक भागातला प्रवाह बदले. मृत्यूनंतर हे प्रवाह क्षीण होत नाहीसे होतात, हेही त्यांच्या लक्षात आले.

१८७५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत मांडले. फारशी दखल घेतली गेली नाही. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेतही बहुतेक श्रोत्यांना विषय कळला नाही. पुढे युरोपातील शास्त्रज्ञांत या शोधाच्या श्रेयावरून वाद पेटला, तेव्हा कॅटन यांनी एक छोटे पत्र लिहून १८७५ च्या नोंदीकडे लक्ष वेधले. नंतर ते लिव्हरपूलचे महापौर झाले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. तीनच वर्षांनी जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी प्रसिद्ध केला आणि त्यात कॅटन यांचे ऋण मान्य केले.

कॅटन यांचे हे प्रयोग हृदयविकारावर नव्हते. पण हृदय थांबल्यावर मेंदूत काय घडते, हे पाहण्याची वाट त्यांनी खुली केली. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात भूल दिलेल्या नऊ उंदरांचे हृदय थांबवून मेंदूची नोंद घेण्यात आली. पहिल्या तीस सेकंदांत मेंदूत सुसूत्र लहरींची लाट उसळली आणि मग आलेख सपाट झाला. माणसातही रक्तपुरवठा तुटला की काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि साधारण अर्ध्या मिनिटात आलेख सपाट होतो. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

हे गणित खेड्यापाड्यांत जास्त महत्त्वाचे ठरते. चोपडा किंवा शिरपूरच्या एखाद्या शेतातून रुग्णालय गाठायला चार मिनिटे पुरत नाहीत. म्हणून माणूस अचानक कोसळला, हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायला सुरुवात करावी. मदत येईपर्यंत थांबू नये. या दाबाने हृदय लगेच सुरू होईलच असे नाही, पण मेंदूपर्यंत थोडे रक्त पोहोचत राहते. नंतरच्या ईईजीत काय दिसेल, हे बऱ्याच अंशी त्याच मिनिटांत ठरते.