सायकल दुरुस्तीपासून उद्योगनगरीपर्यंत

उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र रंगांधत्वाचा दोष आढळल्याने त्यांनी कुंचला सोडून यांत्रिक रेखाटनाची कास धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले.

तेथे बढती डावलली गेल्याने ते बेळगावला परतले. बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींची विक्री व दुरुस्ती चालवली. किर्लोस्कर समूह आपली स्थापना १८८८ ची मानतो. त्या काळी यंत्रे परदेशातून येत. लक्ष्मणरावांनी मात्र कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर येथेच घडवला. लोखंडामुळे जमीन नासते, या समजामुळे पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली.

नगराच्या विस्तारामुळे बेळगावातील जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पुढे हा विस्तार कर्नाटकातही झाला. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रनिर्मितीचा, तर १९४६ मध्ये बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा उद्योग सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. ज्या नांगराला दोन वर्षे ग्राहक मिळाला नाही, त्याच नांगराने किर्लोस्कर हे नाव महाराष्ट्राच्या शेतशिवारात रुजवले.