पुन्हा पहिल्यापासून

मातीकाम म्हटलं की मला खानापूरची मडकी आठवतात. पण सध्या डोक्यात आहे तो स्पेनचा कुंभार, जुझेप ल्योरेन्स आर्तिगास.

1892 साली त्यांचा जन्म बार्सिलोनात झाला. सुरुवातीला ते कलेवर लिहायचे, मग स्वतःच मातीत हात घातला. पॅरिसला राहून प्राचीन इजिप्तच्या निळ्या झिलईचा अभ्यास केला. पुढे कॅटलोनियातल्या गालिफा गावी लाकडाच्या भट्टीजवळ ते स्थिरावले.

पॅरिसच्या युनेस्को इमारतीसाठी दोन भिंती करायच्या होत्या, एक सूर्याची, एक चंद्राची. चित्र मित्राचं, जोआन मिरोचं. माती आणि आग आर्तिगास यांची. पहिल्या फरशा एकसारख्या चौकोनी निघाल्या. त्यांत जीव नाही, असं दोघांना वाटलं. 4000 किलो माती आणि 10 टन लाकूड खर्ची पडलं होतं, तरी त्यांनी त्या सरळ बाद केल्या! नव्या फरशा मुद्दाम कमीजास्त आकाराच्या केल्या, जुन्या दगडी भिंतीसारख्या. मिरोने ताडपानांच्या झाडूने त्यांवर लांबलचक रेघा ओढल्या, तेव्हा आर्तिगास श्वास रोखून उभे होते. एक रेघ चुकली असती तर कित्येक महिन्यांची मेहनत गेली असती. 29 मे 1958 ला 35वी, शेवटची भट्टी लागली.

1980 मध्ये आर्तिगास गेले.

यिर्मयाच्या पुस्तकातला कुंभारही बिघडलेल्या मातीचं दुसरं भांडं घडवतो. लहानपणापासून ऐकत आलेय, पण कळलं आत्ता. या अंकासाठी लिहिलेली माझी कथा अगदी नीटनेटकी होती, फक्त तिच्यात जीव नव्हता. काल रात्री ती फाडली. आता पुन्हा लिहायला बसलेय, आणि खरं सांगते, भीती वाटतेय.