डागाच्या खाली पाहणारा डॉक्टर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर... तुमचं कॉलेज कुठलंही असो, मार्कशीटवर बहुतेकांच्या नाव असतं मुंबई विद्यापीठाचं. १९६० ते १९६३ या काळात या विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. पण त्यांचं आयुष्य गेलं ते मायक्रोस्कोपसमोर.

जन्म १८९५चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी करून ते मुंबईत परतले आणि मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कॅन्सर हा त्यांचा मोठा विषय. दुसरा होता कुष्ठरोग. नुसतं नाव काढलं तरी लोक चार हात लांब पळायचे, असा तो काळ.

आता तुम्ही म्हणाल, या रोगाचा जंतू तर नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला होता, मग उरलं काय? उरलं होतं एक कोडं. जंतू तोच, पण एकाच्या अंगावर दोन-चार बधिर चट्टे आणि दुसऱ्याची कातडी जाड, गाठीगाठींची. असं का?

शाळेत संयोजी ऊती शिकलात, आठवतंय? त्वचेचा आतला थर त्याच ऊतीचा. तिथे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. काहींच्या शरीरात या पेशी घट्ट घोळका करून जंतूंना रोखतात, पण त्या दाहात शेजारच्या नसाही होरपळतात. काहींच्या शरीरात त्या जंतू गिळतात, मारू मात्र शकत नाहीत. मग काय, पेशीच जंतूंचं घर बनते!

खानोलकरांनी मुद्दाम अगदी सुरुवातीचे चट्टे निवडले. त्यांचे पातळ काप तपासताना त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंकडे त्यांनी बारकाईने पाहिलं आणि जंतू तिथे सापडले. वरून किरकोळ दिसणाऱ्या डागाखाली नसांवर हल्ला सुरू झालेला असू शकतो, तो असा. पुढे त्यांनी उभारलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधकांनी कुष्ठरोगावरचं काम पुढे नेलं. खानोलकर १९७८ मध्ये गेले.

हे सगळं तुम्हाला का सांगायचं? कारण कुष्ठरोग आपल्याकडून अजून गेलेला नाही. फिकट किंवा लालसर डाग, खाजत नाही, दुखत नाही, तिथे स्पर्शही कळत नाही, असं काही दिसलं तर कन्सीलर लावून झाकू नका. मेडिकलमधून मलम आणून आठवडे घालवू नका. सरळ महापालिकेच्या दवाखान्यात जा. तिथे औषध फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला, तर जंतू मरतात, पण मेलेली नस परत येईलच असं नाही. आणि मित्राला असा डाग दिसला, तर त्याच्यापासून लांब पळू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा.