मार्सेलिनचा मुलगा : वॉल्ट डिस्ने

मिकी माउस ठाऊक नाही असे मूल आपल्या धर्मग्रामात शोधूनही सापडणार नाही. परंतु मिकीचे जनक वॉल्ट डिस्ने ह्यांच्या आयुष्यात रेल्वेमार्गावरच्या एका लहानशा गावाला केवढे मोठे स्थान होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या गावाचे नाव मार्सेलिन.

वॉल्ट ह्यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. वडील इलायस हे सुतारकाम व घरबांधणी करीत. तेथील सेंट पॉल काँग्रिगेशनल चर्चची इमारत त्यांनीच बांधली. त्या चर्चचे पाळक वॉल्टर पार हे त्यांचे स्नेही. त्यांच्याच नावावरून बाळाचे नाव वॉल्टर ठेवण्यात आले. पुढे शहरातली गुन्हेगारी वाढू लागली, तेव्हा पाच मुलांचे हे कुटुंब १९०६ साली मिसुरी राज्यातील मार्सेलिन येथे आले. गावाबाहेर त्यांनी ४५ एकरांची शेती घेतली. वॉल्ट तेव्हा चार वर्षांचे होते.

मार्सेलिन हे गाव रेल्वेनेच वसवलेले. शिकागो ते कॅन्सस सिटी हा सांता फे कंपनीचा लोहमार्ग टाकला जात असताना, १८८० च्या दशकाच्या अखेरीस, इंजिने व कर्मचारी बदलण्यासाठी हे ठाणे उभे राहिले. आसपास कोळशाच्या खाणी होत्या. स्टेशनाजवळच बाजारपेठेचा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना विटांच्या दुमजली इमारती, खाली दुकाने आणि चौकात एक बाग. त्या बागेलाही रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांचे, रिप्ली ह्यांचे, नाव होते. शेतकरी घोडागाड्या घेऊन येत, खाणकामगार व रेल्वेचे लोक खरेदी करीत, आणि गाडीची शिटी झाली की सगळ्यांच्या माना स्टेशनाकडे वळत.

वॉल्ट ह्यांच्या मावशीचे यजमान माइक मार्टिन ह्याच मार्गावर इंजिन ड्रायव्हर होते. मोठा भाऊ रॉय आणि वॉल्ट रुळांजवळ जाऊन काकांच्या गाडीची वाट पाहत. काका घरी मुक्कामाला येताना मुलांसाठी खाऊची पुडी आणीत. आगगाडीचे वेड वॉल्टना येथेच लागले, ते जन्मभर टिकले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी आपल्या घराच्या आवारात लहान आगगाडी बसवली, आणि तिच्या कामासाठी मार्सेलिनच्या कोठारासारखेच एक कोठार बांधले.

चित्रकलेची सुरुवातही ह्याच गावातली. मार्गारेट काकू भेटीला येताना चित्रकलेची वही व रंगीत खडू आणीत आणि मुलाने काढलेल्या चित्रांचे तोंडभरून कौतुक करीत. शेजारी राहणारे निवृत्त डॉक्टर शेरवुड ह्यांनी एकदा आपला घोडा उभा करून छोट्या वॉल्टला त्याचे चित्र काढायला सांगितले. घोडा काही स्वस्थ उभा राहीना, आणि चित्र फारसे चांगले साधले नाही. तरीही डॉक्टरांनी ते पैसे देऊन घेतले. चित्र काढून पैसे मिळतात हे त्या मुलाला तेव्हा प्रथम कळले.

मात्र घरात असे लाड नव्हते. इलायस कष्टाळू, पण फार कडक आणि रागीट होते. एकदा वॉल्ट व धाकटी बहीण रूथ ह्यांनी घराच्या पांढऱ्या भिंतीवर डांबराने चित्रे काढली. डांबर काही निघेना, आणि वडील संतापले. शेतीत फार हातचे राहत नसे. पैशांवरून खटके उडाले, आणि दोन थोरले मुलगे घर सोडून गेले. त्यानंतर इलायस विषमज्वराने अंथरुणाला खिळले. अखेर १९१० साली शेत विकावे लागले, जनावरांचा लिलाव झाला. मुलांची शाळा संपेपर्यंत कुटुंब गावात भाड्याच्या घरात राहिले आणि १९११ साली कॅन्सस सिटीला गेले. तेथे नऊ वर्षांचा वॉल्ट पहाटे साडेतीनला उठून, हिवाळ्यात बर्फ तुडवीत, घरोघरी पेपर टाकू लागला. पेपरची लाईन वडिलांची होती, म्हणून मुलाला मजुरी मिळत नसे. एखाद्या घरी पेपर टाकायचा राहून गेल्याची भीतिदायक स्वप्ने वॉल्टना प्रौढपणीही पडत.

पुढची वाटचाल सर्वश्रुत आहे. १९२८ साली मिकी पडद्यावर आला, १९३७ साली हिमगौरी आणि सात बुटके ह्यांच्या कथेवरचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. तेथे प्रवेश करताच आधी आगगाडीचे स्टेशन लागते, नंतर बाजारपेठेचा रस्ता. घोड्यांनी ओढलेली ट्राम, टाऊन हॉल, अग्निशमन केंद्र, छोटी छोटी दुकाने. हे सारे १९०० च्या सुमाराच्या लहान गावाचे रूप आहे. ते मार्सेलिनची हुबेहूब नक्कल नव्हे. एका सहकलाकाराने कोलोरॅडोतील आपल्या गावाच्या आठवणीही त्यात घातल्या. शिवाय खऱ्या गावातला इंजिनांचा धूर, चिखल आणि कोळशाची धूळ तेथे नाही. बालपणीची आठवण अशीच असते, ती रस्ता झाडून घेते.

परंतु त्या रस्त्यावर एक खिडकी आहे. तिच्यावर इलायस डिस्ने ह्यांचे नाव कंत्राटदार म्हणून रंगवलेले आहे. वडील १९४१ साली वारले होते. ज्यांच्या धाकात बालपण गेले आणि ज्यांनी पहाटेच्या कष्टांचा मोबदला दिला नाही, त्यांना मुलाने आपल्या स्वप्नातल्या गावात सन्मानाची जागा दिली.

१९५६ सालच्या ४ जुलैला वॉल्ट व रॉय मार्सेलिनला आले. गावाने बागेला व पोहण्याच्या तलावाला वॉल्ट ह्यांचे नाव दिले होते. १९६० साली तेथील शाळेलाही त्यांचे नाव देण्यात आले, आणि त्या समारंभालाही ते हजर राहिले. १५ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मार्सेलिनच्या जुन्या स्टेशनात आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

वॉल्ट डिस्ने मार्सेलिनला जेमतेम पाच वर्षे राहिले. त्या पाच वर्षांत एका काकूने वही दिली, एका काकांनी खाऊ आणला, एका शेजाऱ्याने वेडेवाकडे चित्र पैसे देऊन घेतले. त्यांच्यापैकी कोणालाही आपण काही मोठे करीत आहोत असे वाटले नसेल. आपल्या आळीतही अशी मुले आहेत. उद्या त्यातले एखादे आपले चित्र दाखवायला दारात आले, तर दोन मिनिटे थांबून ते नीट पाहू या.